एकोणीस खुर्च्यांचं विमान आणि कुसुमताईचं वजन

रायपूर, बूढापारा

मी रेल्वेची बाई. रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे पोतं, पेटी, सायकल, आंब्याची करंडी, काहीही समोर आलं की काट्यावर चढवायच्या आधीच मला त्याचं वजन कळतं. किलोभर इकडे-तिकडे, जास्त नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या प्रवासात माझ्या या गुणाचा चांगलाच पचका झाला.

विमानाच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. रेल्वेचा पास असताना तिकीट काढून आकाशात जाणारा माणूस मला तरी अर्धवटच वाटायचा. पण जगदलपूरला रेल्वे आहे ती नावापुरती. ती ओडिशातून गिरक्या घेत जाते, आणि कधी जाते, कधी जातही नाही. राहिला रस्ता. रस्ता म्हणजे सात तास बस आणि मध्ये केशकालचा घाट.

त्या जगदलपुरात माझी मोठी बहीण राहते, कुसुमताई. भाऊजी जंगल खात्यात होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, तरी बाई तिथून हलली नाही. सहा वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की लांबचा रस्ता आता बंद, घाटात एक धक्का बसला तर पुन्हा उभ्या राहणार नाही. तेव्हापासून ती रायपूरला आली नाही.

आम्ही तिघं भावंडं. ताई थोरली, दादा मधला, मी शेंडेफळ. मी लग्न केलं नाही, दादा-वहिनींकडेच वरच्या खोलीत राहते. ताई आणि दादा रोज संध्याकाळी फोनवर बोलायचे. काय बोलायचे? काही नाही. तू काय जेवला, मी काय जेवले, पारा किती चढला. मग दिवाळीनंतर दादाला लकवा मारला आणि वाचा गेली. आता फोन कानाला लावून दिला तर तो नुसता ऐकतो, कधी उलटा धरतो, कधी मध्येच ठेवून देतो. तिकडे ताई "मधू, अरे मधू" करत बसते. मग मला म्हणायची, "शोभे, त्याले एकदा डोयानं पाह्यचं आहे व मले. बस, एकदाच."

आणि सांगायला लाजच वाटते, पण तेव्हा विमानं होती! एक सोडून दोन कंपन्यांची. एकीची शेपटी लाल, दुसरीची पिवळी. आमच्याकडे कंपन्यांची नावं कोणी घेत नसे, लाल आणि पिवळी एवढंच. दोघींची नुसती चढाओढ. लालवाल्यांनी चिक्की वाटली, तर पिवळीवाल्यांनी महुआचे, म्हणजे मोहफुलांचे, लाडू. लालवाल्यांनी भाडं उतरवलं की दुसऱ्या दिवशी पिवळीचं त्याहून खाली. तेलीबांधाच्या तलावावर सकाळी फिरायला येणारी मंडळी शर्यत लावल्यासारखी हिशेब करायची, आज कोण जिंकलं म्हणून. गंमत म्हणजे दोन्ही विमानं सकाळी दहा मिनिटांच्या अंतरानं उडायची, आणि दोन्ही अर्धी रिकामी. अरे बाबांनो, एकीनं सकाळी जावं, एकीनं संध्याकाळी, लोकांची सोय होईल! पण ऐकतो कोण. एकमेकींच्या उरावर बसायचं होतं ना.

आम्ही दोघी बहिणी मात्र "पुढच्या महिन्यात" म्हणत राहिलो. ताईला विमानाची भीती, मला आळस. मग लाल गेली. पिवळी एकटी उरली, तिनं भाडं चढवलं, आणि एक दिवस फोनवर बातमी आली की सरकारी मदतीची मुदत संपली, रविवारी शेवटचं विमान. मी त्या रात्री जेवले नाही. आपल्या आळशीपणाचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. सकाळी उठून तिकिटं काढली. गुरुवारी माझं जाण्याचं, रविवारी दोघींचं येण्याचं. रविवार हुकला तर ताईनं दादाला बघणं हुकलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

माना विमानतळ

वहिनीनं तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि सांबारवड्या बांधून दिल्या. (कोथिंबिरीला आम्ही वैदर्भीय सांबार म्हणतो, हे पुण्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं. नाहीतर वडीत डाळ शोधत बसाल.) सवयीनं मी बॅगेत साखळी आणि कुलूपही टाकलं. गाडीत बॅग बाकाला बांधल्याशिवाय मला झोप लागत नाही.

तपासणीच्या जवानानं ती साखळी बाहेर काढली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि विचारलं, "अम्मा, इससे किसको बाँधेंगी?"

"बॅगला," मी म्हटलं.

"विमान में चोर चढ़ेगा तो उतरेगा कहाँ?" तो म्हणाला आणि साखळी ठेवून घेतली.

पिवळीचा काउंटर पार कोपऱ्यात. तिथली पोट्टी आमच्या शेजारच्या तात्यापारा मोहल्ल्यातलीच निघाली, घरची मराठी. मी मराठीत विचारत होते आणि ती हिंदीत उत्तरं देत होती. आमच्या गावात नव्या पिढीशी बोलणं हे असंच चालतं, दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. तिनं बॅग काट्यावर ठेवून घेतली, वजन लिहिलं आणि म्हणाली, "आंटी, अब आप चढ़िए."

"मी? काहून?"

"छोटा विमान है ना. सबका वज़न होता है."

मागे सात-आठ माणसं उभी. मी मान ताठ करून सांगितलं, "अठ्ठावन्न लिही. मला कळतं." तिनं हसून काट्याकडे हात दाखवला. चढले. सहासष्ट! बाप्पा रे बाप्पा. तेहतीस वर्षं जगाचं वजन केलं आणि स्वतःच्या बाबतीत आठ किलोंनी चुकले. मागच्या पगडीवाल्या सरदारजींनी मोठ्या मनानं दुसरीकडे बघितलं.

विमान पाहिलं आणि माझी भीती पळाली, कारण ते आमच्या शाळेच्या जुन्या बसपेक्षा थोडंच मोठं होतं. एकोणीस खुर्च्या. संडास नाही. पायलट आणि आपल्यामध्ये दारसुद्धा नाही, त्यांच्या मानेवरचे केस दिसतात. मोठ्यानं आवाज करत ते धावलं आणि उठलं. खाली खारून नदी, मग उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे, मग गंगरेल धरणाचं पाणी, इतकं स्वच्छ की काठावरची नाव दिसली. मी न राहवून डबा उघडला. गाडीत कसं, एकानं डबा उघडला की बोगीतले सगळे आपापले उघडतात आणि लोणच्याची देवाणघेवाण होते. इथे सगळे गप्प. सांबारवडीचा वास मात्र पुढे गेला, आणि दोन पायलटांपैकी धाकट्यानं मागे वळून पाहिलं. मी चार वड्या कागदात बांधून पुढे पाठवल्या. त्यानं हात जोडले. सरदारजींनीही दोन घेतल्या, आणि मग आमची बाजूची ओळ बोलू लागली.

केशकालचा घाट वरून बघितला. हिरव्या चादरीवर कोणीतरी दोरा टाकून दिल्यासारखा रस्ता, त्यावर ट्रक अडकलेले. याच रस्त्यानं माझ्या बहिणीला सहा वर्षं अडवून ठेवलं. आणि हे यंत्र त्याच्यावरून पाच मिनिटांत निघून गेलं. मला तेव्हा त्या छोट्या विमानाबद्दल फार माया वाटली, खरंच सांगते.

जगदलपूर

मला वाटलं होतं, ताईला तयार करता करता नाकी नऊ येतील. रडेल, नाही म्हणेल, गुडघे दुखतात म्हणेल. पण ती दारातच उभी होती, कमरेला पट्टा बांधून, आणि पहिलं वाक्य काय? "विमान किती वाजता आहे रविवारी?"

"आधी मला आत तर येऊ दे!"

"ये व. जेवण वाढून ठेवलं आहे."

जेवण काय, सोहळा होता. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी, भात, उडदाचे वडे, आणि वाटीत चापड्याची चटणी. चापडा म्हणजे झाडावरचे लाल मुंगळे. मिरची-लसणाबरोबर वाटलेले. नाक मुरडू नका. आंबट-तिखट, लिंबाच्या वरताण. ताई लग्न होऊन इथे आली तेव्हा ही चटणी बघून उपाशी झोपली होती. आता तिला ती नसली तर चैन पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला बाजारात घेऊन गेली. म्हणजे रिक्षात बसून राहिली आणि बाजार रिक्षापाशी आला. आरारूटसारखं तिखूर विकणारी, महुआ विकणारी, बांबूच्या टोपल्यांवाली, प्रत्येक बाईशी ती हलबीत, तिथल्या बोलीत, बोलत होती, आणि प्रत्येक बाई तिचा हात धरून उभी राहत होती. मी म्हटलं, "ताई, तू तर इथली सरपंच दिसतेस."

"चाळीस वर्षं झाली व. तुमचं रायपूर मले आता परकं."

ही रविवारी ऐन वेळी पाय मागे घेणार, असं वाटलं. शनिवारभर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. ती शांतपणे कामं उरकत होती. शेजारच्या सुकमतीला तिनं तुळशीला पाणी घालायला सांगितलं, मग घराची किल्ली दिली, मग पाटा-वरवंटाही उचलून न्यायला लावला. मी म्हटलं, महिनाभर पडून राहील म्हणून वापरायला देत असेल. सुकमती जाताना डोळे पुसत होती, तेही मला जरा जास्तच वाटलं. पार्सलवाली बाई मी, माल बघितला, पण चिठ्ठी वाचली नाही.

जगदलपूर विमानतळ, रविवार

दुपारचं विमान, आणि ऊन असं की धावपट्टी थरथरत होती. विमानतळ एवढासा. सगळी कामं करायला एकच मुलगी, रेशमा नावाची. तीच तिकीट बघते, तीच बॅगेला चिठ्ठी लावते, तीच घोषणा करते, आणि विमान हललं की तीच हात हलवते. आज तिचे डोळे सुजलेले होते. उद्यापासून तिला काम नव्हतं. सामान ओढणाऱ्यानं विमानाच्या नाकावर झेंडूची माळ टांगली होती.

मी रांग धरायला पुढे आले होते; ताई मागून रिक्षानं आली ती घामानं निथळत. चेहरा लाल, आणि अंगानं मला तीन दिवसांपूर्वीपेक्षा दीडपट दिसली.

"ताई, काय झालं?"

तिनं कानाशी येऊन सांगितलं, "तीन लुगडी नेसली आहे. शेजारचा पोट्टा म्हणे विमानात बॅगचंच वजन करतात, माणसाचं नाही. बॅग भारी झाली होती."

हसावं की रडावं मला कळेना. मोठ्या विमानात ही युक्ती चालते म्हणे. पण इथे तर माणूसही काट्यावर! माझ्या पोटातलं हसू बाहेर यायच्या आतच रेशमा म्हणाली, "दादी, आप चढ़िए." ताईनं माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मीच तिला फसवलं. चढली. काटा चढतच गेला. रेशमानं आकडा लिहिला, मग बॅग ठेवली, आणि तिची पेन्सिल थांबली. बॅग मला उचलायला दिलीच नव्हती ताईनं. नुसत्या नजरेनं मी बारा किलो धरली होती. एकवीस निघाली.

"दादी, इसमें क्या है? खोलना पड़ेगा."

"नाही," ताई म्हणाली.

"ताई, उघडू दे."

तिनं स्वतःच चेन उघडली. वर दोन पातळं, औषधं, आणि खाली जुन्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी. मी शाल बाजूला केली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पितळी घंटा, समई, शंख, भाऊजींच्या आईपासून चालत आलेला दगडी महादेव. तिच्या देवघरातले सगळे देव.

महिनाभर पाहुणी जाणारी बाई देव बरोबर नेत नाही. त्यांना शेजारणीच्या हवाली करते, फूल-पाणी सांगून जाते. देव उचलले म्हणजे घर उचललं. तिला आणायच्या घाईत परतीचा विचार मी केलाच नव्हता. म्हणून पाटा दिला, म्हणून सुकमती रडत होती.

"ताई, तू परत येणार नाहीस?"

"विमान बंद होऊन राहिलं ना आजपासून," ती म्हणाली. "रस्त्यानं मले येता येत नाही. जाऊन राहिली, ते जाऊनच राहिली. त्याले पाह्यचं आहे मले. मग घर असो का नसो."

इतक्या मोठ्या गोष्टीचा निर्णय तिनं कोणालाही न विचारता एकटीनं केला होता, आणि मी तीन दिवस तिच्यावर पहारा ठेवत होते ती पळून जाईल म्हणून!

तेवढ्यात मोठा पायलट आत आला. रेशमाच्या कागदावर त्यानं बोट फिरवलं आणि हिंदीत समजावून सांगितलं. ऊन फार आहे, तापलेल्या हवेत पंख नीट उचलत नाहीत, धावपट्टी लहान आहे. सत्तर किलो उतरवावे लागतील. नाहीतर विमान उठणार नाही.

सगळे प्रवासी एकमेकांकडे बघू लागले. एकानं सुचवलं, बॅगा ठेवून जाऊ, मागाहून येतील. रेशमा हळूच म्हणाली, "किसमें आएँगे सर? कल विमान ही नहीं है." एक बाई ताप आलेलं बाळ घेऊन रायपूरच्या दवाखान्यात निघाली होती. एकाची परीक्षा होती. आणि माझी ताई तीन लुगड्यांत देव कवटाळून उभी.

मी रेशमाला म्हटलं, "माझे सहासष्ट. माझी बॅग सात. झाले त्र्याहत्तर. उतरव मला."

"शोभे, तू नाही तर मी नाही!" ताईनं माझा हात धरला. "मी एकटी कधी बसली व त्याच्यात? मले भेव वाटते."

"ताई, ऐक. मी पार्सलवाली आहे. अर्धा माल आजच्या गाडीनं, अर्धा उद्याच्या. हरवत काही नाही. तिकडे वहिनी घ्यायला येईल."

"अन् घाट?"

"माझा मणका शाबूत आहे."

धाकट्या पायलटनं मला ओळखलं. तो वडीवाला! त्यानं ताईचा हात धरून तिला सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसवलं, आणि देवांची शाल तिच्या मांडीवरून सोडवून पुढच्या कप्प्यात नीट ठेवली. झेंडूची माळ काढली. दार लागलं. खिडकीत ताईचा चेहरा, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. विमान धावलं, धावपट्टीच्या अगदी टोकाला उठलं, आणि रेशमा हात हलवत राहिली. मीही. आम्ही दोघी मनसोक्त रडलो, वेगवेगळ्या कारणांसाठी. मग तिनं माझ्यासाठी सोमवारच्या सकाळच्या बसचं तिकीट काढून दिलं.

रायपूर, सोमवार

बसचं काय सांगू. घाटात अडीच तास ट्रकांच्या मागे उभे होतो. ताई इथे असती तर, हा विचार मी दर वळणाला केला.

चार वाजता घरी पोचले. दादाच्या खोलीतून ताईचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "अन् मंग ते असं वर गेलं, मधू, असं! मले काही भेव वाटलं नाही हो." ती पलंगाशी खुर्चीवर, दादाचा डावा हात तिच्या हातात. दादा तिच्याकडे बघत होता, मन लावून. कोनाड्यात देव मांडले होते आणि वहिनीनं फुलं वाहिली होती. मी दारात उभी राहिले आणि मनात म्हटलं, झालं. भेट झाली. त्र्याहत्तर किलो सार्थकी लागले.

ताई मला घेऊन स्वयंपाकघरात आली. चहा ठेवला. पाठमोरीच होती.

"शोभे, त्यानं मले ओळखलं नाही व."

मी गॅस बारीक केला.

"काल आल्यावर डावा हात कपाळाले लावून नमस्कार करून राहिला मले. रोजच्या नर्सबाईले करतो तसा. मी म्हटलं, अरे मी कुसुम. तर वहिनीकडे पाहून राहिला, ही कोण म्हणून. मी सारी रात्र बसून होती."

"ताई..." मला वाटलं, सहा महिने आधी, लाल-पिवळीची धूम चालू होती तेव्हा आणलं असतं हिला, तर.

"रडू नको," ती म्हणाली. तिनं चहा गाळला, तीन कपांत. एक बशीत ओतून गार केला, दादाच्या घोटाएवढा. "त्याले वाटून राहिलं, कोणी चांगली बाई आली आहे. तेवढं तर वाटते ना? मंग बस."

ती बशी सांभाळत, कमरेच्या पट्ट्यावर एक हात ठेवून, हळूहळू खोलीत गेली. मी मागून गेले. ती खुर्चीत बसली, त्याच्या ओठांना बशी लावली, आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखं म्हणाली, "मी कुसुम. तुही मोठी बहीण. जगदलपूरहून आली, विमानानं. उद्या इसरशील, तर उद्या पुन्हा सांगीन."